एलएफपी की एनएमसी? सांगलीच्या उन्हात टिकेल ती बॅटरी

इलेक्ट्रिक स्कूटर घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "एका चार्जिंगमध्ये किती पळते?" त्याआधी बॅटरी कुठली, हे विचारा. लिथियम-आयन बॅटरीचे दोन प्रकार समोर येतात: एनएमसी आणि एलएफपी.

एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्टची. कमी वजनात जास्त ऊर्जा, त्यामुळे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्याला सोयीची. पण चार्ज-डिस्चार्ज होताना तिच्या कणांचं आकारमान बदलतं, त्यांना बारीक तडे जातात आणि तड्यांत इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा बॅटरीतला द्रव) शिरून नको त्या अभिक्रिया सुरू होतात. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात बॅटरी-संशोधक जेफ डान यांच्या गटाने यावर नेटाने काम केलं. अनेक स्फटिकांच्या गोळ्यांऐवजी एकसंध स्फटिकाचे कण घेतले, इलेक्ट्रोलाइटमध्ये निवडक पूरक द्रव्यं घातली. अशा सेलवर गाडी १६ लाख किलोमीटर चालू शकेल, असा त्यांचा २०१९ चा निष्कर्ष. केवढी मोठी मजल! अर्थात दुकानातली प्रत्येक एनएमसी तशी नसते.

एलएफपी लिथियम-लोह-फॉस्फेटची, शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतली. १९९७ च्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी. फॉस्फरस-ऑक्सिजनचा बंध घट्ट असल्याने तापली तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही, म्हणून पेट घेण्याचा धोका कमी. जड असते, पण हजारो वेळा चार्ज होते.

उष्णतेने झीज दोन्हींची होते. तरी एप्रिलमध्ये दिवसभर गाडी उन्हात लावणाऱ्याला मी एलएफपीच सुचवेन. एनएमसी घेतलीच, तर रोजचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा.