लातूरच्या लॅबचा कल्चर रिपोर्ट: पाचपैकी चार तारे

आईला दवाखान्यात आठ दिवस लघवीची नळी होती. औशाला घरी आणलं अन् पुन्हा जळजळ सुरू. मेडिकलवाला आधीचीच गोळी देत होता. डॉक्टर म्हणाले, आधी कल्चर करा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघा.

लॅबमधल्या ताईंनी पहिलंच विचारलं, "ॲन्टिबायोटिक सुरू केलंय का?" नव्हतं केलं, बरं झालं. सकाळची, मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत दिली. रिपोर्ट तीन दिवसांनी. जंतू वाढायलाच वेळ लागतो.

जंतू ई. कोलाय निघाला. औषधांपुढं आर, आर, आर, म्हणजे जंतू दाद देत नाही. मेरोपेनेम या राखीव, जोरदार ॲन्टिबायोटिकपुढंसुद्धा! एस, म्हणजे औषध चालतं, ते फक्त तीन ठिकाणी, त्यात फॉस्फोमायसिन. तिथल्या डॉक्टरांनी खुर्ची देऊन समजावलं: औषध मोडणारं एन्झाइम बनवणारा जनुक बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर असतो, एक जंतू तो दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो. एनडीएम-१ हा त्यातलाच एक. त्यातलं एनडी म्हणजे नवी दिल्ली. आई म्हणाली, "दिल्लीचं औशात कसं आलं रे?" नेमका कोणता जनुक, ते पीसीआरसारख्या (जनुक शोधणाऱ्या) खास तपासणीशिवाय कळत नाही, अन् ती सोय इथं नाही.

फॉस्फोमायसिनची पुडी पाण्यात घोळून दिली, उतार पडला. एक तारा कापला तो व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या धूसर फोटोसाठी. एस का आर, तेच दिसंना. कागदासाठी पुन्हा लातूरची एसटी धरावी लागली.