मिल्टन अ‍ॅबस की ब्लेझ हॅम्लेट? दिवस एकच असेल तर

इंग्लंडच्या दौऱ्यात जॉर्जियन काळातलं (साधारण १७१४ ते १८३०) जमीनदारी गाव, म्हणजे जमीनदाराने स्वतः वसवलेलं गाव, बघायचंय आणि हातात दिवस एकच आहे, तर माझ्या मते निवड दोनच गावांत करावी: डॉर्सेटमधलं मिल्टन अ‍ॅबस किंवा ब्रिस्टलमधलं ब्लेझ हॅम्लेट. दोन्ही गावं एकेका धनिकाने वसवलेली, दोन्हीकडे शाकारलेली छपरं. साम्य तेवढंच.

मिल्टन अ‍ॅबस आधीचं, साधारण १७८०चं. जोसेफ डेमर या उमरावाला आपल्या वाड्यालगतचं जुनं गाव डोळ्यांसमोर नको होतं. त्याने ते हळूहळू पाडत नेलं आणि माणसं पलीकडच्या दरीत हलवली. नव्या गावाच्या आखणीत वास्तुरचनाकार विल्यम चेंबर्स आणि बागांचे रचनाकार ‘केपेबिलिटी’ ब्राउन अशा बड्या मंडळींचा हात होता. वळण घेत उतरणारा एकच रस्ता आणि दोन्ही अंगांना, हिरवळ सोडून मागे बांधलेली ३६ घरं, जवळपास एकसारखी. भिंती मातीच्या, चिखलात पेंढा तुडवून थरावर थर चढवलेल्या. आज त्या पांढऱ्या दिसतात, पूर्वी पिवळ्या होत्या.

यातलं एक घर नीट बघा. मधोमध एकच दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. खात्यापित्या कुटुंबाचं ऐसपैस घर वाटतं. पण ही घरं बांधली गेली ती दोन-दोन बिऱ्हाडांसाठी! दार सामायिक, आत गेल्यावर डावीकडे एक कुटुंब, उजवीकडे दुसरं. रस्त्यावरून दिसणाऱ्या प्रमाणबद्धतेसाठी राहणाऱ्यांनी काय सोसलं, ते या एका दारात कळतं.

ब्लेझ हॅम्लेट १८११च्या सुमाराचं. जॉन हारफर्ड या बँकमालकाने आपल्या निवृत्त नोकरांसाठी ते वास्तुरचनाकार जॉन नॅशकडून बांधून घेतलं. हिरवळीभोवती नऊच घरं, एकासारखं दुसरं नाही. कुठे गवताचं छप्पर, कुठे दगडी कौलं. विटांची उंच धुराडी तर प्रत्येक घराची निराळी. स्केचवही घेऊन जाणाऱ्याने इथेच जावं, एकेका धुराड्यापुढे अर्धा तास सहज जाईल. देखणं आहे, पण चित्रासारखं. गावपण मला तिथे जाणवत नाही.

जाण्यायेण्याच्या दृष्टीने ब्लेझ सोपं, शहरातल्या शहरात आहे. मिल्टन अ‍ॅबसला रेल्वे नाही, गाडी हवीच. दोन्हीकडे लोक राहतात, त्यामुळे घरं बाहेरूनच बघायची.

तरीही गाडीची सोय होत असेल तर मी मिल्टन अ‍ॅबसच सांगेन. तिथल्या रस्त्यावर चर्चच्या समोर वृद्धांसाठीचा जुना धर्मादाय आश्रय आहे, १६७४चा, म्हणजे नव्या गावाच्या शंभर वर्षं आधीचा. पाडलेल्या गावातून उचलून तो इथे पुन्हा उभा केला. त्याच्यासमोर थोडं थांबाच.