मुलाच्या हृदयाला छिद्र: छत्री की ऑपरेशन?

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र दिसलं, की बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरांतही पहिला प्रश्न हाच: "चिरफाड न करता होणार नाही का हो?"

होतं, पण सगळ्यांचं नाही. छिद्र पडद्याच्या मधोमध आणि भोवती पुरेशी कड असेल, तरच मांडीच्या शिरेतून छत्री बसवता येते. निटिनॉल या मिश्रधातूच्या तारांची ही जाळी बारीक नळीतून दुमडून आत जाते, उघडते आणि पडद्याला दोन्ही बाजूंनी धरून बसते. मूल बहुधा एक-दोन दिवसांत घरी. पुढे साधारण सहा महिने अ‍ॅस्पिरिन आणि ठरल्या वेळी इको. छातीवर व्रण नाही, त्यामुळे आजीचा कौल आधीच पडलेला असतो!

ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढा वेळ करणारं यंत्र) मुलाला ठेवून छिद्र शिवतात, नाहीतर ठिगळ लावतात. ते अनेकदा त्याच्याच हृदयावरणातून घेतात. दवाखान्यात जास्त दिवस, छातीचं हाड भरायला काही आठवडे. पण १९५३ पासून चालत आलेली, मुरलेली पद्धत. छिद्र महाशिरेच्या तोंडाशी किंवा झडपांलगत असेल, तर हाच रस्ता.

दोन्ही शक्य असतील तर मी छत्रीच म्हणेन. कड अपुरी असेल, तर व्रणाच्या भीतीने दवाखाने पालथे घालू नका. आणि तान्ह्या बाळाचं छिद्र पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, थांबता येईल का? अशी छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात.