गादी सरकली: ऑपरेशन की थांबायचं?

ऐन फवारणीत माझ्या मोठ्या भावाची कंबर धरली. पाठीवर सोळा लिटरचा भरलेला पंप, काळ्या मातीचा चिखल, पाय घसरला. दुसऱ्या दिवशी कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत अशी चमक निघू लागली की बाजेवर कूस बदलवेना. यवतमाळला एमआरआय केला. कंबरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली होती. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी थांबायला सांगितलं. वहिनी म्हणे, "करून टाका एकदाचं." आई म्हणे, "कंबरेला चाकू लावू नका, बाप्पा."

आधी एक गोष्ट, जिथे निवडीचा प्रश्नच नाही. लघवी अडली किंवा झालेली कळेना, संडासावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठा दवाखाना गाठा. पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, टाचांवर चालता येत नाही, तेव्हाही गावात थांबू नका, लगेच सर्जनला दाखवा. दुखणं किती आहे यापेक्षा ताकद जाते आहे का, हे जास्त महत्त्वाचं. भावाला आम्ही रोज सकाळी अंगणात टाचांवर चार पावलं चालायला लावायचो.

ताकद शाबूत असेल, तर थांबण्याला खरा आधार आहे. गादीतला मऊ गर बाहेर येऊन नसेला टेकतो, नस सुजते. शरीर त्या गराला परका समजून हळूहळू खाऊन टाकतं. मोठा तुकडाही पुष्कळदा आक्रसतो. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत उतरते. पण थांबणं म्हणजे बाजेवर पडून राहणं नव्हे. एक-दोन दिवस विश्रांती, मग रोज थोडं चालणं, वाकून वजन उचलणं बंद. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्याच मनाने महिनाभर खाऊ नका, किडनीला आणि पोटाला त्रास होतो. आणि गादी हाताने 'बसवून' देणाऱ्याकडे तर जाऊच नका. बाहेर आलेला गर हाताने आत ढकलता येत नाही, झटका मात्र दबलेल्या नसेलाच बसतो.

ऑपरेशनमध्ये तोच तुकडा काढतात. पायाची कळ लवकर जाते. कंबरदुखीची तेवढी खात्री नाही. जंतुसंसर्गाचा, नसेला इजा होण्याचा थोडा धोका असतो आणि काहींची गादी पुन्हा सरकते. नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका अभ्यासात सहा ते बारा आठवडे तीव्र कळ सोसलेले २८३ रुग्ण होते. लवकर ऑपरेशन ठरलेल्यांना बरं वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. वर्षाअखेर दोन्हीकडचे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र शेवटी ऑपरेशन करावंच लागलं.

म्हणजे ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो. इथेच शेतकऱ्याचा हिशेब चुकतो. भावाला वाटलं होतं, ऑपरेशन केलं की वेचणीपर्यंत मोकळा. पण त्यानंतरही काही आठवडे वजन उचलायचं नाही; जड पंपाला तर त्याहून उशीर. हंगाम दोन्हीकडे जातोच.

मग ऑपरेशन कोणी करावं? दोन-तीन महिने नीट काळजी घेऊनही झोप लागत नाही, काम सुचत नाही, आणि एमआरआयमधली दबलेली नस दुखणाऱ्या पायाशी जुळते, अशांनी. नुसत्या एमआरआयवर जाऊ नका. काहीच न दुखणाऱ्यांच्या फोटोतही सरकलेल्या गाद्या दिसतात. आमच्या शेजारच्या काकूंनी चार महिने काढले, मग ऑपरेशन केलं, आणि त्याच रात्री त्या कितीतरी दिवसांनी झोपल्या. त्यांचं बरोबरच होतं.

पैशाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधीच योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

भाऊ थांबला. दहाव्या आठवड्यात धुऱ्यापर्यंत चालत गेला आणि पऱ्हाटीत उभा राहून बोंडं मोजत बसला. यंदा पंप माझ्या पाठीवर आहे.