पार्सल केंद्रातला क्रॉस-बेल्ट सॉर्टर : एक अभिप्राय

भिवंडी परिसरातल्या एका पार्सल केंद्रात क्रॉस-बेल्ट सॉर्टरवर, म्हणजे पार्सलांची गावांनुसार वर्गवारी करणाऱ्या यंत्रावर, चालणारे रात्रपाळीचे काम जवळून पाहायला मिळाले. अशी यंत्रणा बसवण्याच्या विचारात असलेल्या लहान-मध्यम कुरिअर व्यावसायिकांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. यंत्र उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्याची पारख पट्ट्याच्या वेगावरून करण्याऐवजी बारकोड न वाचला गेल्यामुळे बाजूला पडणाऱ्या पार्सलांवरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

लांबट गोलाकार मार्गावर एकमेकींना जोडलेल्या गाड्या सतत फिरत असतात आणि प्रत्येक गाडीवर आडवा सरकणारा एक छोटा पट्टा असतो. कामगार लेबल वर करून पार्सल ठेवतो, कमानीखालून जाताना कॅमेरे बारकोड वाचतात, वजन आणि लांबी-रुंदी-उंचीही तिथेच नोंदली जाते, आणि ठरलेल्या चूटसमोर (त्या गावच्या गोणीत माल सोडणाऱ्या घसरगुंडीसमोर) गाडी येताच तिचा पट्टा सरकून पार्सल खाली सोडतो. ट्रे कलंडवणाऱ्या सॉर्टरमध्ये वस्तूने आपल्याच वजनाने घसरावे लागते, त्यामुळे हलके प्लास्टिकचे पाकीट कधीकधी ट्रेवरच अडून राहते. ज्यांच्याकडे कपड्यांच्या मऊ पाकिटांचा भरणा जास्त आहे, त्यांनी क्रॉस-बेल्टच घ्यावा.

या सगळ्याचा पाया मात्र लेबलावरचे सहा आकडे आहेत. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि तिचे पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दाखवतात. रस्त्याने जाणाऱ्या पार्सलासाठी तेवढे पुरत नाही. कोल्हापूर 416001 आणि कुडाळ 416520, सातारा 415001 आणि रत्नागिरी 415612. सुरुवात सारखी, पण मध्ये सह्याद्री उभा. पहिल्या तीन आकड्यांवरच चूट नेमून दिली, तर कुडाळचा माल कोल्हापूरच्या गोणीत पडेल आणि घाट उतरण्यासाठी त्याला आणखी एक गाडी गाठावी लागेल. म्हणून कोणत्या पिनकोडला कोणती चूट हे ठरवणारा सहाही आकड्यांचा तक्ता आपल्याला स्वतः बदलता येतो की प्रत्येक बदलासाठी विक्रेत्याच्या माणसाला बोलवावे लागते, हे खरेदीपूर्वीच स्पष्ट करून घ्यावे.

माझा बराचसा वेळ रिजेक्टच्या, म्हणजे यंत्राने बाजूला टाकलेल्या पार्सलांच्या, चूटपाशी गेला. तिथे आलेल्या एका खोक्यावर आधीच्या प्रवासाचे लेबल तसेच राहिले होते. कॅमेऱ्याला दोन बारकोड दिसले आणि यंत्राने अंदाज न बांधता ते खोके बाजूला टाकले, हे मला फार आवडले. तिथल्या मुलाने जुन्या बारकोडवर मार्करने काळा पट्टा मारला आणि खोके पुन्हा रांगेत लावले. दुसऱ्या एका खोक्याचे लेबल कडेवर दुमडून चिकटवलेले होते, तर आणखी एकावरची चकचकीत टेप दिव्याखाली इतकी चमकत होती की रेघा दिसतच नव्हत्या. कोड 128 प्रकारच्या बारकोडला दोन्ही बाजूंना सर्वांत बारीक रेघेच्या दहापट कोरी जागा लागते, ही साधी गोष्ट पाठवणाऱ्यांना समजावून सांगितली, तर रिजेक्टमधली गर्दी पुष्कळ कमी होईल, असे मला वाटते.

उणिवाही आहेत. गोल डबे पट्ट्यावर गडगडतात आणि लांब नळ्या दोन गाड्यांवर पसरतात, त्यामुळे असा माल हातानेच वेगळा करावा लागतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे सगळे काम एकाच फेऱ्यावर अवलंबून असते. तो थांबला की संपूर्ण केंद्र थांबते, म्हणून हाताने वर्गवारी करण्याची जागा आणि सवय दोन्ही राखून ठेवावीत.

चूटखाली गोण्या बदलणाऱ्या माणसांवर काटकसर मुळीच करू नये. गोणी भरली आणि वेळेत बदलली नाही, तर माल चूटमध्ये वरपर्यंत साचतो, सेन्सर ती चूट बंद धरतो, त्या गावचे प्रत्येक पार्सल पुन्हा फेरा मारू लागते आणि नव्या मालासाठी रिकामी गाडी मिळेनाशी होते.

विक्रेते प्रात्यक्षिकात कोरी, एकसारखी खोकी वापरतात. तिथे आपल्या केंद्रातल्या रोजच्या गोण्या, फाटकी पाकिटे आणि ओलसर लेबले यांसकट, घेऊन जाव्यात आणि तोच माल तासभर चालवून घ्यावा.