कोलाडचं राफ्टिंग: ज्यांनी ‘नाही’ म्हटलं, त्यांच्याकडेच गेलो

दहावीची परीक्षा संपली की राफ्टिंग, हे थोरलीने आमच्याकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. नाशिकहून मे महिन्यात जायचं तर रायगड जिल्ह्यातलं कोलाडच. इगतपुरीकडे वैतरणेवर राफ्टिंग होतं, पण ते पावसाळ्यातलं. गंगापूर धरणाच्या बोट क्लबला मुलं खूश होतात, पण तिथलं पाणी धरणाचं, संथ.

कोलाडच्या कुंडलिका नदीला भर उन्हाळ्यात पाणी असतं ते वीजघरामुळे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या खाली भिऱ्याला टाटांच्या वीजकेंद्रात उतरतं, जनित्रं फिरवतं आणि मग नदीला मिळतं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी लढले, त्याच धरणाचं हे पाणी. माझ्या सासऱ्यांनी ती सगळी हकिगत गाडीत मुलांना सांगितली. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांची आठवण या नदीवर मजा करायला जाणाऱ्यांनी ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

पाणी सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंगही सकाळीच. जाहिरातीत ‘वन डे’ लिहिलेलं असलं तरी ते मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी. आपल्याला कसारा घाट उतरून भिवंडी, पनवेल, पेण, नागोठणे करत सहा-सात तास सहज लागतात. आदल्या रात्रीचा मुक्काम धरूनच बेत करा. “पहाटे निघा, पोहोचाल” असं सांगणाऱ्याला नाशिक कुठे आहे हेच माहीत नसतं.

बुकिंग कुणाकडे करायचं हा खरा प्रश्न होता. फोटो सगळ्यांचे सारखेच, तीच निळी-पिवळी राफ्ट, तेच उडणारं पाणी. दरातही फार फरक नव्हता. म्हणून प्रत्येकाला फोन करून मी पहिला प्रश्न हाच विचारला, “धाकटा अकरा वर्षांचा आहे, चालेल का?” एक म्हणाला, “चालेल की मॅडम, लाइफ जॅकेट असतंच.” दुसऱ्याने तर फॉर्मवर वय चौदा लिहायला सांगितलं. अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत असं बोलणाऱ्याच्या हातात मी माझी मुलगीही देणार नाही. मग एकाने सरळ सांगितलं, “नाही ताई, चौदाच्या आत आम्ही घेत नाही. त्याला आणि आजोबांना आमच्या गाडीने राफ्ट जिथे संपते तिथे आणतो.” पुढे न विचारता त्यानेच चौकशी केली, कुणाला दम्याचा, हृदयाचा त्रास आहे का, अलीकडे ऑपरेशन झालंय का. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून अशा व्यावसायिकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मागितल्यावर लगेच व्हॉट्सॅपवर आलं. तिथेच ॲडव्हान्स भरला.

निर्णय योग्य होता हे काठावरच कळलं. गाईड जवळच्याच गावचा मुलगा, पण शिस्तीला कडक. जॅकेटचे पट्टे आवळून झाल्यावर त्याने प्रत्येकाच्या खांद्यावरचे पट्टे धरून जॅकेट वर ओढून पाहिलं. थोरलीचं कानापर्यंत वर आलं, तर त्याने ते काढून लहान मापाचं दिलं. हेल्मेट घालून मान हलवायला लावली. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरून हात अजिबात सुटता कामा नये, हे तर त्याने तीन-तीनदा बजावलं. मूठ मोकळी राहिली की धक्क्यात ती शेजारच्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडात अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं. पोहता येत नसलेल्या माझ्या नवऱ्याला या बोलण्याने भीती वाटायच्या ऐवजी धीर आला.

राफ्टिंग सुंदरच झालं. साधारण बारा किलोमीटर, दोनेक तास. पहिल्याच रॅपिडला, म्हणजे दगडांवरून पाणी उसळत जातं त्या टप्प्याला, पाणी थेट तोंडावर आलं, आणि मे महिन्यात इतकं गार पाणी असेल असं वाटलं नव्हतं. ‘फॉरवर्ड’ची आरोळी आली की सगळ्यांनी एका लयीत वल्हं मारायचं, लय चुकली की राफ्ट लगेच आडवी होते. मोठे रॅपिड सुरुवातीच्या टप्प्यात आहेत. पुढे नदी शांत होते, तिथे गाईडने सांगितल्यावर पाण्यात उतरता येतं. नवरा दोरी धरून उतरला आणि बराच वेळ वर यायलाच तयार नव्हता. आमच्या राफ्टबरोबर कुणी पडलं तर मदतीला म्हणून कयाक या छोट्या, अरुंद होडीतला एक जण सतत पुढे-मागे होता. प्रत्येक तुकडीबरोबर तसा कुणी दिसला नाही, म्हणून फोनवरच विचारा.

तक्रार एकच, पण मोठी. बायकांना कपडे बदलायला ताडपत्रीचा एकच आडोसा, कडी नाही, आणि बाहेर ओल्या कपड्यांत रांग. मुलगी शेवटी गाडीत बदलून आली. माणशी एवढे पैसे घेताना दोन पक्क्या खोल्या बांधायला हरकत नसावी. मी हे मालकांना तोंडावर सांगितलं. ‘पावसाआधी करतो’ म्हणाले. पुढे जाणाऱ्या बायकांनीही विचारत राहा. व्हिडिओचे पैसे वेगळे घेतात, तेही आधी सांगत नाहीत.

धाकटा सकाळी रुसून बसला होता. शेवटच्या ठिकाणी गाडीच्या चालकाने त्याला आणि आजोबांना कांदेपोहे दिले, नदीकाठी हिंडवलं, आणि राफ्ट आल्यावर ती ओढायला दोरीही धरू दिली. जेवणात तांदळाची भाकरी, पिठलं आणि तळलेला मासा होता, सगळं ताजं. शनिवार-रविवार टाळा, नदीवर राफ्टची रांग लागते. पायात मागून पट्टा असलेले सँडल घाला, चपला पहिल्याच रॅपिडला जातात. चष्म्याला दोरी बांधा. आणि धाकटं भावंड चौदाच्या आतलं असेल तर ते घरीच सांगून ठेवा, म्हणजे काठावर रडारड होत नाही.