कार्बोरेटर ठेवायचा की ईएफआय करायचं? मुंबईत जुनी पळणारी गाडी असणाऱ्यांसाठी

नुसती पॉवर वाढेल म्हणून ईएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन) करायचं डोक्यात असेल तर पैसे वाचवा. नीट जेट केलेले (पेट्रोलच्या भोकांची मापं जुळवलेले) दोन वेबर 40 डीसीओई कार्बोरेटर आणि त्याच मापाच्या थ्रॉटल बॉडी (इंजेक्शनमधला हवेच्या झडपेचा भाग), बाकी इंजिन सेम असेल तर फुल थ्रॉटलला फरक थोडाच पडतो, कारण कॅम तोच, हेड तेच, हवा जायची वाट तीच. लोक एस्टीमचं उदाहरण देतात की कार्बवाली 65 बीएचपी आणि एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनवाली) 85, पण अहो जुनी 8 व्हॉल्व्ह होती आणि नंतरची 16, हेडच बदललं ना, मग सगळं श्रेय इंजेक्शनला कसं देणार.

खरा फरक दिसतो तो खालच्या आरपीएमला, पाव एक्सलेटरला, आणि आपली गाडी बहुतेक वेळ तिथेच असते, सायनला रांगेत नाहीतर अंधेरीच्या सिग्नलला. डीसीओई तिथे मेन जेटवर चालतच नाही, आयडल आणि प्रोग्रेशनच्या बारीक भोकांवर चालतो, आणि रेसिंगसाठी बनवलेला हा कार्ब नेमका तिथेच कुरकुरतो, कधी रिच (पेट्रोल जास्त), कधी एकदम लीन (पेट्रोल कमी) होऊन मिसिंग. इंजेक्शनमध्ये प्रत्येक लोड आणि आरपीएमला पेट्रोल वेगळं ठरवता येतं, म्हणून फर्स्ट-सेकंडमध्ये रांगणारी गाडी झटके देत नाही. चोक आणि थंडीतल्या स्टार्टिंगचा मुद्दा मात्र मुंबईत सोडून द्या, इथे तेवढी थंडी पडते कुठे. त्यापेक्षा मे महिन्यात गाडी तापलेली असताना दहा मिनिटं बंद करून परत सेल्फ मारायचा, तेव्हा फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून गेलेलं असतं आणि गाडी घेतच नाही. इंजेक्शनमध्ये पेट्रोल 3 बार प्रेशरखाली असतं आणि रिटर्न लाइनने टाकीत फिरत राहतं, त्यामुळे हा त्रास जवळजवळ संपतो.

आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. माझ्या मते आज हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण 13.5, म्हणजे जुन्या जेटवर तीच गाडी सात-आठ टक्के लीन चालते. डीसीओईचा 130 चा मेन जेट म्हणजे 1.30 मिलिमीटरचं भोक, 135 टाकला की भोकाचं क्षेत्रफळ जवळपास 8 टक्के वाढतं, म्हणजे एक नंबर वर गेलं की मेन सर्किटचं काम बऱ्यापैकी होतं. पण आयडल जेटही बदलावा लागतो, पंप जेटही (एक्सलेटर दाबताना जादा पेट्रोल सोडणारा) बघावा लागतो, आणि जुने रबरी पाइप, डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात ते वेगळंच. शिवाय इथेनॉल ओलावा धरतं, आपल्याकडच्या पावसाळी हवेत आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरा थर दिसतो तो त्यामुळेच. ईएफआयमध्ये वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावून क्लोज्ड लूप (त्या आकड्यावरून सतत दुरुस्ती) चालू ठेवला की क्रूझिंगला ईसीयू (इंजेक्शनचा कॉम्प्युटर) स्वतःच सांभाळून घेतो, फुल थ्रॉटलचा मॅप (किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) मात्र ई20 वरच बनवून घ्यायला हवा.

घाटाचंही तसंच. समुद्रसपाटीला सेट केलेला कार्ब लोणावळ्याला थोडा रिच होतो, महाबळेश्वरला चांगलाच, तिथे हवा आपल्यापेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते. पण इंजेक्शन म्हणजे हे आपोआप सुटलं असंही नाही. मोठा कॅम आणि चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी असतील तर व्हॅक्यूमचा सिग्नल नाचतो, मग मॅप थ्रॉटलच्या उघडण्यावर करावा लागतो, आणि तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर नसेल तर गाडी घाटात कार्बसारखीच वागते. रस्त्यावरच्या गाडीला एक थ्रॉटल आणि प्लेनमवालं (हवेचा सामाईक डबा असलेलं) मॅनिफोल्ड लावा, आवाज तेवढा भारी येणार नाही पण मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर शांत राहतो.

खर्चात लोक फक्त ईसीयू धरतात, मेगास्क्वर्ट नाहीतर स्पीडुइनो घेऊ, सेन्सरची कनेक्टर आणि रिले लॅमिंग्टन रोडवरून आणू, झालं. खरी जबाबदारी पेट्रोलच्या लाइनची आहे. कार्बला 3 पीएसआय पुरतं, इथे 43 पीएसआय असतं, जुना पाइप आणि साधी क्लिप ठेवली तर गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवारा उडेल, आग लागेल, यात अजिबात काटकसर करू नका. बऱ्याच जुन्या टाक्यांत आडव्या पट्ट्या नसतात, वळणावर पंप हवा ओढतो, त्यामुळे स्वर्ल पॉट (पंपाला सतत पेट्रोल देणारी छोटी टाकी) हवा. क्रँकला 36-1 चं दातेरी चाक (36 पैकी एक दात गाळलेलं, ईसीयूला क्रँकची जागा कळायला), दमदार अल्टरनेटर, आणि ईसीयू केबिनमध्ये उंचावर, डॅशखाली, कारण पावसाळ्यात कार्पेटखाली पाणी शिरतं हे मुंबईकराला सांगायला नको.

मधला एक रस्ता आहे, त्याकडे फार कोणी बघत नाही. ईएफआय केल्यावर गाडी बदलली असं वाटतं त्यात मोठा वाटा इग्निशनचा असतो, ईसीयू टायमिंगही सांभाळतो म्हणून. तर कार्ब तसाच ठेवून प्रोग्रॅमेबल इग्निशन आणि एक वाइडबँड गेज लावा, खर्च बराच कमी, आणि जेट अंदाजाने नाही तर आकडा बघून बदलता येतात.

ज्यांची गाडी फक्त रविवारी सकाळी निघते आणि ज्यांच्याकडे कानाने कार्ब सिंक करणारा जुना मिस्त्री अजून आहे, त्यांनी हेच करावं. पण असे मिस्त्री आता कमी होत चाललेत आणि नवी पोरं लॅपटॉपवर तयार आहेत, त्यामुळे रोज किंवा एक दिवसाआड चालवणार असाल तर ईएफआयच करा, फक्त ट्यूनिंगचे पैसे आधी बाजूला काढा, अर्धवट मॅपवरची गाडी चांगल्या कार्बपेक्षा वाईट चालते. डिकीत क्रँक सेन्सर आणि पंपाचा रिले स्पेअर ठेवा, कारण हे गेलं तर रस्त्यावरचा मेकॅनिक काही करू शकत नाही.

जिप्सीवाल्यांनी बाहेरचा ईसीयू शोधण्याआधी सुझुकीचं 16 व्हॉल्व्ह एमपीएफआय इंजिन सेन्सर, ईसीयू, वायरिंगसकट मिळतंय का बघावं. इंजिन नंबर बदलतो, म्हणजे आरसीवर नोंद आलीच. आणि इंजिन तेच ठेवणार असलात तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल करू देत नाही, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, म्हणून मॅनिफोल्डला हात लावण्याआधी आपल्या आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे लेखी विचारून घ्या, आणि काढलेले कार्ब विकू नका.